माणूस जोडला तर ऊस वाढेल

आपल्या या वार्तापत्रात आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. परंतु उसाच्या टनेजशी त्याचा संबंध खताइतकाच जवळचा आहे. विषय आहे माणसांशी वागण्याचा. गावात, गटात, सोसायटीत किंवा संचालक मंडळात ज्यांना चार लोकांपुढे उभे राहावे लागते, त्यांनी लोकांचे कसे ऐकावे, त्यांच्याशी कसे बोलावे आणि नाही म्हणायची वेळ आली तर ते कसे म्हणावे, याचा थोडा विचार करू.

कोणी म्हणेल, हे काय ऊस विकास अधिकाऱ्याचे काम आहे? खरे आहे. कृषी पदविकेच्या अभ्यासात जमीन होती, पीक होते, कीड-रोग होते; माणूस हा विषय नव्हता. पण गावोगाव फिरताना दिसते ते असे, की ऊस कमी होण्याची कारणे जशी जमिनीत सापडतात, तशीच ती आपल्या बोलण्या-वागण्यातही सापडतात.

रुसलेला सभासद नांगर घालतो

कोल्हापूर-सांगलीकडे ऊस हेच मुख्य पीक. तिथला शेतकरी कारखान्यावर रागावला तर सभेत ओरडेल, शेजारच्या कारखान्याला ऊस घालील. पण ऊस लावायचा सोडणार नाही. आपला वाशीम जिल्हा सोयाबीन-तुरीचा. पैनगंगेच्या काठाने, धरणांच्या लाभक्षेत्रात आणि ज्यांच्या विहिरीला पाणी टिकते त्यांच्या वावरात काय तो ऊस. तोही विखुरलेला. एका गावात चार फड, तर पुढच्या गावात एकही नाही.

अशा भागातला सभासद रुसला तर तो कोणाशी भांडत बसत नाही. खोडवा मोडतो, नांगर घालतो आणि मृग बरसला की सोयाबीन पेरून मोकळा होतो. आपल्याला ते कळते ऊस नोंदीच्या वेळी, रजिस्टरात त्याचे नाव दिसत नाही तेव्हा. तोपर्यंत वेळ गेलेली असते.

कारखान्याला पोटभर ऊस मिळाला तरच तो परवडतो. हंगाम लवकर आटोपला तरी कर्जाचे व्याज, कामगारांचे पगार आणि यंत्रांची दुरुस्ती कमी होत नाही. कमी होतात ती फक्त साखरेची पोती. विदर्भात सभासदांच्या पैशातून उभे राहिलेले किती तरी सहकारी कारखाने उसाअभावी आणि कर्जापायी बंद पडले, काही विकले गेले. त्यामागे पाणी, भाव, व्यवस्थापन अशी पुष्कळ कारणे होती. परंतु माणसे तुटली की ऊस तुटतो, हे त्यातले एक कारण आपल्या हातातले आहे. म्हणून त्याचा विचार अगोदर.

इथे हुकूम चालत नाही

इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी १८४४ साली २८ विणकर-कारागिरांनी एकत्र येऊन किराणा मालाचे एक लहानसे सहकारी दुकान काढले. पैसा कोणाचा किती का असेना, मत प्रत्येकाला एकच, हे तत्त्व त्यांनी पाळले. जगभरची सहकारी चळवळ पुढे त्याच तत्त्वावर चालली. आपला १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदाही तेच सांगतो. दहा एकर ऊस असणाऱ्याला एक मत आणि अर्ध्या एकरवाल्यालाही एकच. अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. खासगी कारखान्याचा मालक हुकूम सोडू शकतो. सहकारी कारखान्याच्या पुढाऱ्याला ती सोय नाही. ज्यांना तो काही सांगणार, तेच त्याचे मालक. ऊस लावा, अमुकच जात लावा, पाचट जाळू नका, हे त्याला पटवूनच द्यावे लागते. आणि पटण्यासाठी आधी सांगणाऱ्यावर विश्वास लागतो.

पुढारी म्हणजे केवळ चेअरमन आणि संचालक असे मी समजत नाही. सोसायटीचा अध्यक्ष, गटाचा कर्मचारी, फडावर चिठ्ठी देणारा चिटबॉय, टोळीचा मुकादम, आणि ज्याच्या ओट्यावर संध्याकाळी चार माणसे येऊन बसतात तो साधा सभासद, हे सगळे आपापल्या जागी पुढारीच. कारखान्याबद्दल गावाचे मत बनते ते यांच्या बोलण्यावरून.

लोणीचा धडा

महाराष्ट्रातली सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली ती तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील शाळेत फार शिकलेले नव्हते. पण १९२३ साली त्यांनी आपल्या गावात सहकारी पतसंस्था काढली आणि वर्षानुवर्षे लोकांची कर्जे, अडचणी, भांडणे जवळून पाहिली. त्या भागात खासगी साखर कंपन्या होत्या. शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन त्या ऊस पिकवीत. इतर बागायतदार गूळ करीत आणि गुळाचा भाव कोसळला की कर्जात बुडत.

अशा मुलखात शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना काढावा ही कल्पना घेऊन गावोगाव जायचे आणि शेअरची रक्कम मागायची, हे सोपे काम नव्हते. माझ्या पैशाचे काय होईल, जमीन माझीच राहील ना, हे प्रश्न कोणीही विचारणारच. तिथे भाषण देऊन भागत नाही. ओट्यावर बसावे लागते, पुन्हा पुन्हा जावे लागते, तीच शंका दहा वेळा ऐकून अकराव्यांदाही न चिडता उत्तर द्यावे लागते. पतसंस्थेच्या पंचवीस वर्षांच्या कामातून लोक विखे पाटलांना ओळखत होते, म्हणून ते काम झाले. पैशाआधी ओळख जमा झाली होती.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक डॉ. धनंजयराव गाडगीळ हे मोठे अर्थशास्त्रज्ञ. त्यांना या कामात आणले गेले. १९५० च्या अखेरीस प्रवरेचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला तेव्हा अध्यक्ष होते गाडगीळ आणि उपाध्यक्ष होते विखे पाटील. ज्याने गावे पालथी घातली, त्याने दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची घेतली. जे आपल्याला येत नाही ते ज्याला येते त्याला पुढे बसवावे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. गाडगीळ पुढे १९६७ साली देशाच्या योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. पण त्यांच्यासारखा विद्वानही शेतकऱ्यांच्या कारखान्याचा कारभार दहा वर्षे शेतकऱ्यांबरोबर बसून पाहत होता. विखे पाटलांना १९६१ साली पद्मश्री मिळाली.

एकाजवळ विद्या होती, दुसऱ्याजवळ माणसे होती. दोघांनी एकमेकांचा मान ठेवला, म्हणून कारखाना उभा राहिला. आज आपल्या गावात दोन शिकलेले आणि दोन अनुभवी माणसे एका सतरंजीवर बसत नाहीत, तेव्हा लोणीची ही गोष्ट आठवावी.

आधी कान, मग तोंड

तोडणीची पाळी हा आपल्याकडचा सर्वांत नाजूक विषय. त्यावरून घडलेला एक प्रसंग सांगतो. एक वयस्क सभासद तावातावाने गट ऑफिसात आले.

‘साहेब, माहा ऊस वावरात वायून राह्यला, तुरे आले, अन् त्याच्यावाला काल तोडून नेला. काहून बरं?’

समोरच्या कर्मचाऱ्याने तत्काळ उत्तर दिले, ‘काका, तुमची लागण उशिराची आहे. पाळी यायची आहे अजून.’

उत्तर खरे होते. तरी काका जास्तच भडकले. तिथे त्याच गावचे एक जुने सभासद बसले होते. ते उठले, खुर्ची पुढे सरकवली. ‘बसा भाऊ. पानी घ्या आधी. किती दिवस झाले तुरे येऊन?’

काका बोलू लागले. पाच-दहा मिनिटे कोणी मध्ये बोलले नाही. बोलण्यात उसाचा नंबर शेवटी आला. आधी आले ते विहिरीचे आटत चाललेले पाणी. ते हरभऱ्याला द्यावे की उसाला, हा पेच होता. मग आले मुलीचे ठरलेले लग्न आणि त्याआधी उसाचे बिल हाती पडेल की नाही याचा घोर. सगळे सांगून झाल्यावर त्या जुन्या सभासदांनी नोंदीचे रजिस्टर मागवले आणि दोघांच्या लागणीच्या तारखा काकांना वाचून दाखवल्या. शेजाऱ्याची लागण दीड महिना आधीची होती. काकांची पाळी कोणत्या आठवड्यात येते तेही कर्मचाऱ्याकडून विचारून सांगितले.

काका म्हणाले, ‘मंग हे आधीच सांगाव नं भाऊ.’

कर्मचाऱ्याने तेच आधी सांगितले होते. पण ते ऐकून घेण्याच्या आधी सांगितले होते. फरक एवढाच. तारीख एक दिवसही अलीकडे आली नाही, तरी काका शांतपणे घरी गेले. पुढच्या वर्षीच्या ऊस नोंदीत त्यांचे नाव होते.

यात कसलीही जादू नाही. समोरच्याचे बोलणे पुरते होऊ द्यावे. एखादा प्रश्न विचारावा, म्हणजे आत काय साठले आहे ते बाहेर येते. ‘तुमचं म्हणणं असं आहे ना?’ असे त्याचेच बोलणे त्याला परत सांगून खात्री करून घ्यावी. मग कागद दाखवावा. उत्तर लगेच देता येत नसेल तर कोणत्या दिवशी देऊ ते सांगावे आणि त्या दिवशी, उत्तर प्रतिकूल असले तरी, स्वतः जाऊन द्यावे. तक्रारदाराला हेलपाटे घालायला लावले की त्याची तक्रार गावभर होते.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ अशी आपली म्हण आहे. स्वतःच्या वावरापुरती ती ठीक आहे. सहकारात ती अर्धीच घ्यावी. ऐकावे जनाचे, आणि केले नाही तर का केले नाही तेही जनालाच सांगावे.

नाही म्हणावे, पण कारणासहित

पुष्कळांचा असा समज आहे की माणसे जोडणे म्हणजे सर्वांना हो म्हणणे. हा समज कारखाना बुडवणारा आहे. हो-हो म्हणून नंतर न करणारा पुढारी चार महिन्यांत उघडा पडतो.

उदाहरणच घेऊ. एखादा नातेवाईक किंवा जवळचा कार्यकर्ता म्हणतो, ‘दादा, आपला फड आधी घ्या ना, काय बिघडते?’ काय बिघडते ते समजून सांगता आले पाहिजे. आपल्या उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, साखर उताऱ्याशी बांधलेला आहे. उतारा कोणा एकाच्या उसाचा धरत नाहीत; गाळलेल्या सगळ्या उसाचा मिळून तो निघतो. को ८६०३२ सारखा ऊस बारा ते चौदा महिन्यांचा झाला की त्यात साखर भरते. फुले २६५ टनेज चांगले देतो, पण त्याला पक्व व्हायला पुरता वेळ द्यावा लागतो. ओळखीच्या जोरावर कोवळा ऊस आधी गव्हाणीत पडला तर उतारा घसरतो. त्याच वेळी ज्याचा ऊस पिकून उभा आहे, त्याचे वजन घटते. म्हणजे एकाची सोय आणि नुकसान सर्वांचे, त्यात त्या नातेवाइकाचेही.

हे सांगताना ‘नियम आहे’ एवढे म्हणून भागत नाही. हँड रिफ्रॅक्टोमीटर घेऊन त्याच्याच फडातल्या उसाचा ब्रिक्स त्याच्या डोळ्यांदेखत पाहावा, आकडा त्यालाच वाचू द्यावा. यंत्राने म्हटलेले नाही माणसाला लागत नाही. आणि पुढाऱ्याने स्वतःच्या घरचा फड पाळीनेच तोडला, तर त्याचे नाही ऐकायला गाव तयार असते.

बिलाचेही तसेच. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात; उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज लागू होते. कोणत्याही कारखान्यात बिल लांबण्याची वेळ आली तर ती गोष्ट सभासदाला चहाच्या टपरीवर कळू नये. संचालकांनी आणि गट कर्मचाऱ्यांनी आधी जाऊन कारण आणि तारीख सांगावी. सांगितल्याने कायद्याची जबाबदारी टळत नाही. परंतु अफवा टळते. वाईट बातमी आपल्या तोंडून गेली तर माणूस रागावतो. ती दुसऱ्याकडून गेली तर माणूस तुटतो.

फडातली माणसे

आपला विश्वास सभासदांपुरता ठेवून चालत नाही. कोयता ज्याच्या हातात आहे त्याच्यावरही हंगाम अवलंबून असतो. आपल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या बंजारा तांड्यांमधून पुष्कळ कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. लहान मूल फडाच्या बांधावर झोळीत असते.

या माणसांना ‘ए’ म्हणून हाक मारणारे आपल्यात आहेत. त्याचा परिणाम कुठे दिसतो? उसाच्या बुडख्यात. उसाच्या खालच्या कांड्यांत साखर सर्वांत जास्त असते, म्हणून तोड जमिनीलगत व्हावी लागते. वाकून खालून तोडणे कष्टाचे असते. ज्या फडावर पिण्याचे पाणी ठेवले आहे, मालक दादा-ताई म्हणून बोलतो आहे, मोळ्या मोजताना टोळीला समोर उभे करतो आहे, तिथे तोड खालून होते. जिथे शिव्या आहेत तिथे दोन-तीन कांड्या जमिनीवर उभ्याच राहतात, वजन आणि साखर दोन्ही वावरात सुटते आणि खोडव्याची फूटही बिघडते.

उलट बाजूही आहे. खुशालीच्या नावाखाली शेतकऱ्याकडे पैसे मागितल्याच्या तक्रारी येतात. तिथे गप्प बसू नये. परंतु सगळ्या टोळीदेखत कोणा एकावर ओरडले तर टोळी एक होते आणि दुसऱ्या दिवशी कोयते बंद. मुकादमाला बाजूला घ्यावे, सभासदाला समोर बसवावे, दोघांचे ऐकावे आणि निर्णय द्यावा. तांड्यात नाईक आणि कारभारी असतात. दोन्ही बाजू ऐकून घेतल्याशिवाय तिथेही न्याय होत नाही. ही रीत त्या माणसांच्या ओळखीची आहे. आपणही तिनेच जावे.

सभेत गप्प बसणारे

वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज उठला की विषय संपला असे समजतात. आवाज करणारे पन्नास असतात, गप्प बसणारे पाचशे. नांगर घालणारे या गप्प बसणाऱ्यांत असतात. म्हणून मोठ्या सभेच्या आधी गावागावात लहान बैठका व्हाव्यात. पंधरा-वीस माणसांत लाजरा माणूसही बोलतो.

किती तरी शेअर महिलांच्या नावावर आहेत; सभेला मात्र घरचे पुरुष येतात. कायद्याने संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत, पण जागा राखीव ठेवल्याने आवाज येत नाही. खुरपणी, खत टाकणे, पाण्याच्या पाळ्या यांत बाईचा हात असतोच. उसात काय बिघडते आहे हे तिला आधी दिसते. बैठकीत तिला नावाने विचारावे, ‘ताई, तुमच्या फडात काय अडचण आहे?’ आणि तिचे उत्तर शेजारच्या पुरुषाने पूर्ण करू नये.

जो सभेत विरोध करतो त्याला शत्रू समजू नये. तो बोलतो आहे म्हणजे अजून आपला आहे. त्याची चूक असेल तर ती आकड्यांनी दाखवावी; त्याच्या बापजाद्याला मध्ये आणू नये. चांगले काम चारचौघांत सांगावे, चुकीची समज एकट्याला बोलावून द्यावी.

या हंगामापासून करता येण्याजोगे

१. प्रत्येक गटात तोडणी कार्यक्रमाची यादी लागणीच्या तारखेसह आणि जातीसह गावातल्या फलकावर लावावी. मोबाइलच्या ग्रुपवर टाकलीच, तरी फलक चुकवू नये.

२. तक्रार वहीत लिहून घ्यावी आणि उत्तराची तारीख तक्रारदारासमोरच लिहावी.

३. ज्यांनी गेल्या दोन वर्षांत ऊस सोडला, त्यांच्या घरी जावे. नोंद मागायला नव्हे, कारण विचारायला.

४. संचालक आणि कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या घरचा ऊस पाळीनेच द्यावा.

५. ऊस फडावर येण्याआधी सभासद, मुकादम आणि चिटबॉय यांनी एकदा एकत्र बसून पाणी, रस्ता, वाढे आणि मोळ्यांची मोजणी यांचे ठरवून घ्यावे.

माणसांशी वागणे ही जन्मजात देणगी असते असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. बेणेप्रक्रिया तरी आपल्यापैकी कोणाला जन्मतः येत होती? एकाने केली, फायदा दिसला, दुसऱ्याने पाहून केली. ऐकून घेणेही तसेच अंगवळणी पडते. गाव करी ते राव न करी. परंतु गावाने करावे असे वाटत असेल, तर आधी कोणी तरी गावाचे ऐकून घेतले पाहिजे.

सभासद बंधू-भगिनींनो, बेणे निवडताना आपण डोळा पाहतो. पुढारी निवडताना कान पाहावेत.

आपला,
ऊस विकास अधिकारी